आधी आकडा, मग लेन्स

मालवणला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन पाण्यात उतरलो, तेव्हा चाळीसेक फोटो काढले. होडीवर येऊन बघतो तर सगळे एकजात हिरवट आणि धुरकट. मासे होते, खडक होते, पण सगळं जुनाट मच्छरदाणीतून बघितल्यासारखं. माझ्याबरोबर उतरलेल्या विशीतल्या डायव्हरने पडद्यावर एक नजर टाकली आणि म्हणाला, "वायच जवळ जावा, काका. लांबसून काढल्यात तर फोटोत पाणीच येतला."

पाण्याखालच्या फोटोंबद्दल पुढे मी बरंच वाचलं, पण या वाक्यात सगळं आलं होतं. कॅमेरा आणि समोरची वस्तू यांच्यामधलं पाणी जितकं कमी, तितका फोटो स्वच्छ. अडचण अशी, की जवळ गेलं की वस्तू चौकटीत मावत नाही. कासवाचं डोकं येतं, पाठ राहते. जवळही जायचं आणि सगळं मावलंही पाहिजे, यावर साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यासाठी असलेला उपाय म्हणजे वाइड अँगल वेट लेन्स. हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीच्या जलरोधक आवरणाच्या, पुढच्या काचेवर बाहेरून बसवायची, पाण्यातच लावता-काढता येणारी जाड लेन्स.

मी ती घेतली. चुकीची घेतली. सेकंडहँड होती, स्वस्त मिळाली, आटे बरोबर बसले, एवढ्यावर खूश झालो. पाण्यात गेल्यावर प्रत्येक फोटोचे चारही कोपरे काळे. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच. सांगणं एकच आहे: लेन्स पसंत करण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचा आकडा शोधा, आपल्या हाउसिंगचं पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरचा काचेचा भाग, मोजा, आणि मगच पैसे काढा.

पाणी रुंदी खातं

आधी हे समजून घेऊ, की जमिनीवर चांगला रुंद दिसणारा कॅमेरा पाण्यात अरुंद का होतो. हाउसिंगची पुढची काच सपाट असते. तिच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाण्यातून हवेत शिरताना प्रकाश वाकतो. बादलीत तिरकी ठेवलेली काठी मोडल्यासारखी दिसते, ती याच कारणाने. पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३ आहे. त्यामुळे सपाट काचेआडून पाण्यातल्या वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ दिसतात. पाण्यात मासा मोठा वाटतो आणि वर आणला की लहान निघतो, हे गळ टाकणाऱ्याला माहीत असतं.

कॅमेऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जी लेन्स हवेत २४ मिलिमीटरची म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ८४ अंश पाहते, तीच पाण्यात सपाट काचेमागे जेमतेम ६० अंश पाहते. २८ मिलिमीटरवाल्या लेन्सचे ७५ अंश ५५ वर येतात.

आता व्यवहारात बघा. समोर दोन मीटरचं काही आहे, म्हणजे पोहणारा माणूस आहे किंवा पसरट खडक आहे, आणि ते चौकटीत तिरकं पूर्ण मावायला हवं. ६० अंशांत त्यासाठी साधारण पावणेदोन मीटर मागे राहावं लागतं. १०० अंश दिसत असतील तर सुमारे ८५ सेंटिमीटर पुरतात. १३० अंश असतील तर अर्धा मीटर. पावणेदोन मीटरवर तुमच्या फ्लॅशचा प्रकाश जाऊन-येऊन साडेतीन मीटर पाणी कापतो, अर्ध्या मीटरवर फक्त एक मीटर. पाण्यात तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गळतो आणि दृश्यता कित्येकदा चार-पाच मीटरांपलीकडे जात नाही, अशा आपल्या कोकणच्या पाण्यात हा फरक रात्र आणि दिवसाइतका आहे. अंदमानच्या किंवा लक्षद्वीपच्या निळ्याशार पाण्यात लांबून काढलेला फोटो कदाचित चालून जातो. मालवणला, गोव्याच्या ग्रँड बेटापाशी किंवा गढूळ दिवशी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी चालत नाही.

कॅमेऱ्याचा आकडा कुठे सापडतो?

वेट लेन्स बनवणारे ती विशिष्ट रुंदीच्या कॅमेऱ्यासाठी बनवतात. त्यांचा हिशेब '३५ मिलिमीटर समतुल्य' मापात असतो. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत मुख्य आकडे दोनच, २८ आणि २४. फार जुन्या कॅमेऱ्यांत ३५ सुद्धा सापडतो.

इथेच पहिला घोळ होतो. कॅमेऱ्याच्या लेन्सभोवतीच्या कड्यावर हा आकडा नसतो. तिथे छापलेला असतो खरा फोकल लेंग्थ, आणि तो सेन्सरच्या आकारानुसार बदलतो. सोनीच्या पहिल्या आरएक्स१०० वर १०.४ ते ३७.१ लिहिलेलं दिसतं. त्याचं समतुल्य माप २८ ते १००. आरएक्स१०० च्या तिसऱ्या आवृत्तीवर ८.८ ते २५.७; ते २४ ते ७०. ऑलिंपस टीजी-६ वर ४.५ ते १८. ते २५ ते १००. कड्यावरचा आकडा वाचून दुकानदाराला सांगितला, तर तोही गोंधळेल आणि तुम्हीही. कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका उघडा, तांत्रिक माहितीचं पान काढा आणि 'समतुल्य' शब्दापुढचा पहिला आकडा वहीत उतरवून घ्या.

दुसरा घोळ नावांचा. एकाच नावाच्या घराण्यात आकडा मध्येच बदलतो. सोनी आरएक्स१०० ची पहिली आणि दुसरी आवृत्ती २८ ची. २०१४ साली आलेल्या तिसरीपासून पुढच्या सगळ्या २४ च्या. कॅननचा एस९५ हा २८ चा होता आणि त्याच्या मागोमाग २०११ मध्ये आलेला एस१०० हा २४ चा. जी७ एक्सच्या तिन्ही आवृत्त्या २४ च्या. म्हणून "माझ्या मित्राकडे आरएक्स१०० आहे, त्याची लेन्स चालते" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. मित्राची आवृत्ती कोणती आणि तुमची कोणती, हे आधी विचारा. एका घरातल्या दोन भावांना एकच चष्मा लागेल असं थोडंच आहे?

लेन्सच्या नावातही आकडा असतो

वेट लेन्स बनवणाऱ्या काही कंपन्या हा आकडा लेन्सच्या नावातच घालतात. जपानच्या इनॉनची 'यूडब्ल्यूएल-एच१०० २८एम६७' ही लेन्स घ्या. यातला २८ म्हणजे २८ च्या कॅमेऱ्यासाठी आणि एम६७ म्हणजे ६७ मिलिमीटरचे आटे. त्याच कंपनीच्या 'यूडब्ल्यूएल-९५ सी२४' मधला २४ तसाच वाचायचा. नॉटिकॅमच्या दोन लेन्स दिसायला भावंडं आहेत: डब्ल्यूडब्ल्यूएल-१ ही २८ साठी, डब्ल्यूडब्ल्यूएल-सी ही २४ साठी. दोन्ही आपापल्या जोडीदार कॅमेऱ्यावर सुमारे १३० अंश दाखवतात. जाहिरातीतला १३० चा आकडा वाचून भुलू नका. तो जोडी जुळली तरच खरा.

जोडी चुकली तर काय होतं, तेही दोन्ही बाजूंनी बघून ठेवा.

२८ साठीची लेन्स २४ च्या कॅमेऱ्यावर लावली, तर कॅमेरा लेन्सच्या काचेपेक्षा जास्त रुंद बघतो आणि त्याला लेन्सची कडच दिसते. तेच ते काळे कोपरे. उपाय म्हणजे कॅमेरा थोडा झूम करून २८ वर आणायचा. पोर्ट आखूड असेल, तर पुष्कळदा यावर भागतं आणि फारसं काही बिघडत नाही. पोर्ट लांब असेल, तर २८ वरही कोपरे काळेच राहतात. माझं तेच झालं. मला ३५ पर्यंत झूम करावं लागलं आणि १०० अंशांची म्हणून घेतलेली लेन्स नव्वदच्याही आत दाखवू लागली.

उलटी चूक, म्हणजे २४ साठीची लेन्स २८ च्या कॅमेऱ्यावर, त्या मानाने सोसण्यासारखी आहे. कोपरे काळे होत नाहीत. मात्र जितक्या रुंदीचे पैसे मोजले तितकी रुंदी पदरात पडत नाही. उद्या कॅमेरा बदलून २४ चा घ्यायचं मनात पक्कं असेल, तर ही 'चूक' जाणूनबुजून करायलाही हरकत नाही.

खिडकीपासून किती लांब?

आकडा जुळला म्हणजे काम झालं, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. खिडकीला नाक लावून उभे राहा: अख्खं अंगण दिसेल. तिथून दोन पावलं मागे सरका: तीच खिडकी, तेच डोळे, पण आता चौकटही दिसते आणि अंगणाचा तुकडाच दिसतो. वेट लेन्स ही खिडकी आहे आणि कॅमेऱ्याची लेन्स हा डोळा. या दोघांमधलं अंतर जेवढं वाढेल, तेवढी चौकट फोटोत शिरेल.

हे अंतर ठरवतं हाउसिंगचं पोर्ट. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची लेन्स झूम केली की नळीसारखी बाहेर येते. पूर्ण झूम झाल्यावर ती काचेला धडकू नये, म्हणून हाउसिंगवाले पोर्ट तेवढं लांब ठेवतात. मग रुंद टोकाला लेन्स आत सरकलेली असते आणि तिच्यापुढे रिकामी जागा उरते. २४ ते ७० झूमच्या कॅमेऱ्याचं पोर्ट तुलनेने आखूड असू शकतं. २४ ते २०० झूमच्या कॅमेऱ्याला, म्हणजे आरएक्स१०० च्या सहाव्या-सातव्या आवृत्तीसारख्याला, लांब पोर्ट लागतं. आकडा दोघांचा २४ च, पण वेट लेन्सशी पटण्याच्या बाबतीत पहिला सरळ आणि दुसरा हट्टी. जमिनीवर लांब झूम कौतुकाचा वाटतो; पाण्यात तोच आडवा येतो.

काही हाउसिंगना बदलता येणारं आखूड पोर्ट मिळतं. ते लावलं की झूमचं लांब टोक वापरता येत नाही, पण वेट लेन्स नीट बसते. कॅमेरा नवा घेणार असाल आणि मुख्य हौस पाण्याखालची असेल, तर आधी हाउसिंग आणि पोर्ट बघा, त्याला साजेसा कॅमेरा मग निवडा. आपण बहुतेक जण हा क्रम उलटा लावतो.

ऑलिंपस टीजी-६ सारखे कॅमेरे यात थोडे वेगळे. त्यांची लेन्स बाहेर येतच नाही. झूम आतल्या आत होतो. हाउसिंगशिवायही ते १५ मीटरपर्यंत पाण्यात चालतात. स्नॉर्केलिंग करणाऱ्या आणि उथळ पाण्यात राहणाऱ्या माणसासाठी हे फार सोयीचं. त्यांच्यावर हाउसिंगशिवाय बसणारी फिशआय जोडलेन्सही मिळते. हाउसिंगसकट वेट लेन्स लावायची असेल, तर मात्र त्यांचा आकडा २५ आहे हे लक्षात ठेवून २४ च्या बाजूची लेन्स बघा.

आटे, अडॅप्टर आणि एक किलोचं नाक

वेट लेन्सच्या दुनियेत ६७ मिलिमीटरचे आटे सगळ्यात चालतात. काही लहान हाउसिंगना ५२ चे असतात. ५२ वरून ६७ करणारी रिंग बाजारात मिळते आणि ती स्वस्त असते. पण रिंगेची जाडीही अंतरात भर घालते. खिडकीपासून आणखी अर्धं पाऊल मागे. त्यामुळे कोपरे जेमतेम स्वच्छ येत असतील, तर एखाद्या रिंगेनेही ते काळे होतात. आटे बसले म्हणजे लेन्स जुळली असं समजू नका. डब्यावर झाकण बसलं म्हणून ते त्याच डब्याचं असतं का?

आट्यांऐवजी फिरवून अडकवायची बायोनेट सोय मिळते. ज्यांना एकाच डाइव्हमध्ये आधी लहानशा समुद्री गोगलगायीचा फोटो आणि मग अख्ख्या खडकाचा फोटो हवा असतो, त्यांच्यासाठी ती सोय मोलाची. हातमोजे घालून बारीक आटे जुळवणं म्हणजे चालत्या एस्टीत सुईत दोरा ओवणं. मात्र बायोनेटही काही मिलिमीटर जागा खाते. तिचाही हिशेब धरा.

लेन्सचं वजन बघा. काचेच्या मोठ्या वेट लेन्सचं वजन हवेत एक किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. पाण्यात ते कमी होतं, पण कॅमेऱ्याचं नाक खाली ओढलं जातं आणि अर्ध्या तासाने मनगट बोलायला लागतं. लेन्सभोवती बसवायची फोमची तरंगती कॉलर त्याच वेळी घ्या. आणि दोरी. लेन्स हाउसिंगला बांधलेली नसेल, तर हातातून सुटलेली लेन्स तळाशी जाऊन वाळूत बसेल, आणि तुमची हवा ती शोधण्यात संपेल.

घरच्या पिंपात परीक्षा

आता सगळ्यात कामाची गोष्ट. लेन्स घेतल्यावर, किंवा सेकंडहँड असेल तर घेण्याआधी, ती पाण्यात तपासा. कोरड्यात लावून बघण्यात अर्थ नाही. पोर्टची काच आणि वेट लेन्सची मागची काच यांच्यामध्ये पाण्याचा थर असणार, हे धरूनच ती बनवलेली असते. हवेत चित्र अंधूक, वेडंवाकडं दिसेल आणि तुम्ही चांगली लेन्स वाईट ठरवाल किंवा वाईट लेन्स चांगली.

घरात मोठं पिंप किंवा अंगणातली टाकी असेल तर उत्तम. नाही तर ओळखीचा पोहण्याचा तलाव. पहिल्यांदा हाउसिंग कॅमेऱ्याशिवाय, आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून, अर्धा तास बुडवा. टिश्यू कोरडा राहिला तरच कॅमेरा आत ठेवा. मग तळाशी फिकट फरशी किंवा पांढरं ताट ठेवा, कॅमेरा सगळ्यात रुंद टोकावर ठेवा, वेट लेन्स पाण्याखालीच लावा आणि फोटो काढा. फिकट रंगावर काळा कोपरा लपत नाही. कोपरे काळे आले तर थोडंथोडं झूम करत जा आणि कोणत्या आकड्यावर ते स्वच्छ होतात, ते लिहून ठेवा.

इथे एक बारकावा. कॅमेरा बंद करून चालू केला की झूम बहुतेक पुन्हा रुंद टोकाला जातो. म्हणजे प्रत्येक वेळी तुम्हाला तो पुन्हा आणावा लागेल. काही कॅमेऱ्यांत झूम ठरावीक पायऱ्यांनी हलवायची सोय असते: २४, मग २८, मग ३५. ती सुरू ठेवलीत तर पाण्यात अंदाजपंचे काम करावं लागत नाही. शिवाय फोटो आणि व्हिडिओ दोन्ही तपासा. व्हिडिओची चौकट आडवी आणि कापलेली असते, त्यामुळे व्हिडिओत स्वच्छ दिसणारी जोडी फोटोत काळे कोपरे दाखवू शकते.

विकणारा दूरगावी असेल आणि पाण्यात तपासणं शक्य नसेल, तर त्याला साधी विनंती करा: "माझ्याच आवृत्तीच्या कॅमेऱ्यावर, माझ्याच हाउसिंगमध्ये, रुंद टोकावर पाण्यात काढलेला न कापलेला एक फोटो पाठवा." असा फोटो नसेल तर सौदा सोडून देण्याची तयारी ठेवा. आणि लेन्सची मागची काच नीट निरखायला सांगा. पुढच्या काचेवरच्या बारीकसारीक रेघा पाण्यात बऱ्याचशा बुजतात. काचांच्या आत शिरलेला ओलावा किंवा बुरशी बुजत नाही.

पाण्यात उतरल्यावर

उडी मारल्यावर पहिलं काम: लेन्स सैल करा किंवा काढा, मधली हवा जाऊ द्या, दोन्ही काचांवर अडकलेले बुडबुडे बोटाने पुसा, मग लेन्स पुन्हा लावा. हे विसरलात तर फोटोच्या वरच्या भागात राखाडी डाग येतील आणि घरी जाईपर्यंत कळणार नाही. ही लेन्स लावण्या-काढण्यात हाउसिंगला धोका नसतो, कारण तिच्या मागे पाणीच असतं. पाणी अडवणारं रबरी कडं हाउसिंगच्या दारावर असतं आणि त्याला तुम्ही हात लावत नाही. वेट लेन्सचं मोठं सुख तेच.

कॅमेऱ्याला जवळचा फोकस करता आला पाहिजे. रुंद लेन्समधून कॅमेऱ्याला दिसणारं चित्र खऱ्या वस्तूपेक्षाही जवळ, लेन्सच्या अगदी पुढे तयार होतं. काही कॅमेऱ्यांत त्यासाठी मॅक्रोचं बटण दाबून ठेवावं लागतं. न दाबल्यास फोकस शोधत राहतो आणि मासा निघून जातो. मोठ्या सेन्सरच्या कॉम्पॅक्टमध्ये ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, एफ/५.६ ते एफ/८ दरम्यान ठेवलं तर कोपरे तीक्ष्ण राहतात.

कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश वेट लेन्सबरोबर सरळ वापरू नका. एवढ्या मोठ्या लेन्सची सावली फोटोत पडते आणि लेन्सच्या जवळचा प्रकाश पाण्यातले कण उजळवून बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके आणतो. तो फ्लॅश फक्त फायबरच्या तारेतून स्ट्रोब, म्हणजे बाहेरचा वेगळा फ्लॅश, पेटवण्यापुरता ठेवा. स्ट्रोब बाजूला, लांब आणि लेन्सच्या थोडा मागे ठेवा. त्याचा झोत समोरच्या वस्तूवर कडेने पडावा. लेन्स आणि वस्तू यांच्यामधलं पाणी शक्यतो अंधारात राहावं. स्ट्रोब नसेल, तर पाच-सात मीटर खोलीच्या आत राहा, सूर्य पाठीमागे घ्या, व्हाइट बॅलन्स त्या खोलीवर हाताने ठरवा आणि जमल्यास रॉ फाइल काढा. आठ-दहा फूट खोलीवरच्या खडकांचे रंगीत फोटो एवढ्या भांडवलावरही निघतात.

वर आल्यावर लेन्स हाउसिंगवरून काढा आणि दोन्ही वेगवेगळ्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. आट्यांत मीठ वाळलं की लेन्स जाम होते, आणि मग ती काढायला दोन माणसं लागतात. आट्यांत वाळूचा एक कण असेल तर जोर लावू नका, आधी धुवा.

जवळ म्हणजे किती जवळ?

आता थोडं खडसावून सांगतो. रुंद लेन्स हातात आली की माणूस प्रवाळावर ओणवा होतो. फोटोच्या नादात गुडघा टेकतो, फिन आपटतो. प्रवाळाचा जो फांदीएवढा तुकडा त्यात मोडतो, तो वाढायला वर्षं लागलेली असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली आपल्याकडच्या प्रवाळांना संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यालगतचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट: जागच्या जागी न हलता तरंगता येत नसेल, तर कॅमेरा घेऊन उतरू नका. आधी दहा-वीस डाइव्ह रिकाम्या हातांनी करा. पहिल्यांदाच प्रशिक्षकाचा हात धरून उतरणाऱ्यांनी कॅमेऱ्याचा विचारही करू नये. श्वासावर लक्ष ठेवा; फोटो तिथला डायव्हर काढून देतो.

आणि प्रत्येकाला ही लेन्स लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चांगल्या वेट लेन्सची किंमत अनेकदा कॅमेऱ्याइतकी किंवा त्याहून जास्त असते. वर्षातून एकदा दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला जाणार असाल आणि मुख्यतः व्हिडिओ हवा असेल, तर लहान ॲक्शन कॅमेरा पुरे; तो मुळातच रुंद बघतो. तुम्हाला खडकांच्या कपारीतले खेकडे, झिंगे, रंगीत गोगलगायी आवडत असतील, तर रुंद लेन्सचे पैसे ठेवा आणि मॅक्रो वेट लेन्स घ्या. ती स्वस्त असते आणि तिच्या जोड्या जुळवायला एवढा त्रास नाही. गढूळ पाण्यात चांगले फोटो दोनच प्रकारे निघतात: फार रुंद लेन्सने फार जवळून, नाहीतर फार लहान वस्तूचे. मधला रस्ता, म्हणजे दीड-दोन मीटरवरून काढलेला अख्खा मासा, पाण्यालाच फोटोत घेऊन येतो.

घेणारच असाल, तर आज रात्री एवढं करा. कॅमेरा काढा, आवृत्तीचं पूर्ण नाव लिहा. पुस्तिकेतून समतुल्य आकडा शोधा. हाउसिंगच्या पोर्टचे आटे मोजपट्टीने मोजा, आणि पोर्ट बदलता येतं का, ते बघा. त्या तीन-चार ओळींचा कागद हाउसिंगच्या पेटीत चिकटवा. दुकानात जाल किंवा फोन कराल, तेव्हा आधी तो कागद वाचून दाखवा आणि मग लेन्सचं नाव विचारा. चांगला विक्रेता पुढचं स्वतःच सांगेल. जो कागद न ऐकताच "सगळ्यांना बसते" म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका.

मी माझी ती चुकीची लेन्स शेवटी विकली. तिच्यात दोष काहीच नव्हता. माझ्या कॅमेऱ्यावर ती परकी होती. विकताना झाकणावर न पुसणाऱ्या पेनाने लिहिलं: '२८ साठी. आखूड पोर्ट हवं. लांब झूमच्या कॅमेऱ्यावर कोपरे काळे येतात.' भाव थोडा कमी आला. तुमच्याकडे पडून असलेल्या लेन्सच्या झाकणावरही असंच लिहून ठेवा. उद्या ती ज्याच्या हातात जाईल, त्याची मालवणची एक खेप वाचेल.